अण्णांची बारा पिंपं

"शिंप्यानं सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या शिंप्याच्या दुकानात जाऊन गुंड्या मोजत बसावं, तसली ही सहल," आत्या पुटपुटली.

गाडी लहान आणि आत्याचं पुटपुटणं खणखणीत. तिचं एक कोपर थोरल्या सुनेच्या बरगडीत होतं, त्यामुळे थोरलीला तर ते हाडातूनच ऐकू आलं.

"आत्या, ऐकू येतंय," पुढच्या सीटवरून दादा म्हणाला.

"यावं म्हणूनच बोलले. वर्षभर वाइन करायची, वाइन भरायची, वाइनला लेबलं चिकटवायची. एक रविवार मिळाला, तर निघाले कुठे? वाइन प्यायला!"

"तुझ्या सूनबाईंची हौस," दादा हसून म्हणाला. गाडी धाकटा भाऊ चालवत होता. त्यानं आरशातून थोरलीकडे, आपल्या वहिनीकडे, पाहिलं, थोरलीनं खिडकीबाहेर पाहिलं.

हौसबिस काही नव्हती. हे कारस्थान होतं.

त्याचं असं होतं. डोंगराच्या उतारावर या घराचे द्राक्षांचे मळे होते, खाली तळघर आणि वर पाहुण्यांना बसवायची एक लांबट खोली. थोरलीचा नवरा, म्हणजे दादा, वाइन करायचा. धाकटा दीर ती गाडीत घालून हॉटेलं आणि दुकानं हिंडायचा. आत्या, दोघा भावांच्या वडिलांची बहीण, पंचाहत्तरीतही बाटल्यांवर अशी सरळ लेबलं लावायची की मोजपट्टीनं लाजावं. आणि थोरली पाहुण्यांपुढे पेले मांडून चार गोड शब्द बोलायची. घर कष्टाळू होतं, तोंडाळ होतं, एकमेकांना टोमणे मारण्यात कुणी हात आखडता घेत नव्हतं. फक्त एक गोष्ट कुणी बोलत नव्हतं.

ती गोष्ट म्हणजे, त्यांच्या लाल वाइनला वास यायचा.

वास म्हणजे थेट नाक दाबावं असा नाही. ओलं पोतं घडी घालून कपाटात ठेवावं आणि विसरून जावं, तसा. तो यायचा पिंपांतून. तळघरात लाकडाची बारा पिंपं होती, सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, भर उमेदीत आणलेली. उतारावरून ती घरंगळत खाली नेताना अण्णांच्या पायाचं बोट चेंगरलं होतं, आणि ते बोट पुढे आयुष्यभर घरात मानानं दाखवलं जायचं. अण्णा गेले त्याला नऊ वर्षं झाली. पिंपांनी त्याच्या आधीच मान टाकली होती. लाकडाला आत बुरशी धरली होती, आणि ती धुऊन, वाफ देऊन, उन्हात टाकूनही जायला तयार नव्हती.

धाकट्यानं एकदा विषय काढला होता. जेवताना, अगदी सहज सुचल्यासारखं म्हणाला, "दादा, पिंपं जुनी झाली रे."

"माणसंही जुनी होतात," दादा म्हणाला होता. "टाकून देतो का?"

शेजारी आत्या जेवत होती. यावर कोण काय बोलणार? धाकट्यानं पाणी मागितलं आणि विषय तिथेच बुडाला.

दादाला स्वतःला तो वास येत नव्हता, हीच तर मेख. रोज सकाळी खाली जाऊन तो एकेका पिंपावर बोटानं टकटक करायचा, जणू बारा भावंडांना उठवतोय. तळघरातच ज्याचा दिवस जातो, त्याच्या नाकाला तळघर काय कळणार? त्याला ती अण्णांच्या हातची चव वाटायची. थोरलीलाही कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. मग बहिणीच्या बाळंतपणाला ती तीन आठवडे जाऊन आली, घरी येऊन हौसेनं पेला तोंडाला लावला, आणि पेला तसाच खाली ठेवला.

पण ठेवून करणार काय? दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. तेव्हा तिनं शब्द शोधून काढले. "हिला जुन्या लाकडाची हळवी आठवण आहे," ती सांगायची. पाहुणे डोळे मिटून माना हलवायचे. एकानं मात्र अभिप्रायाच्या वहीत लिहून ठेवलं, 'आठवण फारच तीव्र आहे.' ते पान थोरलीनं दुसऱ्या पानाला चिकटवून टाकलं. चिकटवायला डिंक आत्यानं दिला आणि कशाला हवा ते विचारलंही नाही.

यंदा मात्र द्राक्षं अशी आली होती की दहा वर्षांत आली नव्हती. घट्ट, काळी, गोडीला खोली असलेली. त्यांची वाइन सध्या स्टीलच्या टाकीत होती आणि थोरलीनं तिचा घोट घेतला तेव्हा तिला चक्क रडू आलं होतं. सोमवारी सकाळी सातला ती सगळी अण्णांच्या पिंपांत जाणार होती.

आणि आज रविवार होता.

"आपण सांगायला नको, भावोजी," थोरली धाकट्याला म्हणाली होती. "आपण त्यांना नुसतं बाहेर काढू. दुसऱ्यांच्या स्वच्छ वाइन पाजू. त्यांचं नाकच त्यांना सांगेल."

पहिली वाइनरी काचेची होती. जमीन इतकी चकचकीत की आत्या पदर सावरून भिंतीकडेनंच चालली. गणवेशातल्या एका मुलीनं पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवलं आणि थंडगार पांढरी वाइन ओतली. थोरलीनं पेला नाकाशी नेला तर पेरू! कच्चा, नुकताच दातांनी फोडलेला पेरू. मग जिभेवर लिंबाच्या सालीसारखं काहीतरी चरचरून गेलं.

"वा," दादा मनापासून म्हणाला. "फार नटलीय, पण आहे देखणी."

"मला दात शिवशिवले," आत्या म्हणाली आणि पेला रिकामा केला.

गाडी चालवायची म्हणून धाकटा फक्त वास घेत होता आणि प्रत्येक वासाला एक उसासा टाकत होता.

दुसरी वाइनरी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्या बायकोची पत्र्याची शेड. पुढे अंगणात दोन बाकं. नवरा-बायको मिळून एकच वाइन करायचे, फिकट गुलाबी, आणि तिच्यावरून पाहुण्यांसमोर भांडायचे.

"द्राक्षं दोन दिवस आधी तोडायला हवी होती, मी सांगत होते," बायको म्हणाली.

"आधी तोडली असती तर आंबट झाली म्हणून तूच बोलली असतीस."

"बोललेच असते. पण आधी तोडली असतीत तर!"

दादा खदखदून हसला. ऊन कोवळं होतं, बाक पाठीला गरम लागत होता, आणि ती गुलाबी वाइन पहिल्या घोटाला काही बोलली नाही, दुसऱ्या घोटाला ओळख दाखवून गेली, आणि तिसऱ्याला चक्क स्ट्रॉबेरी घेऊन आली. थोरली आपलं कारस्थान घटकाभर विसरली. नवऱ्याकडे पाहत राहिली. दुसऱ्याचं चांगलं झालं की या माणसाचा चेहरा स्वतःचं झाल्यासारखा उजळतो, हे तिला चोवीस वर्षांपूर्वी आवडलं होतं आणि अजूनही आवडत होतं. त्यानं पोस्टमास्तरांना टाकीचं तापमान विचारलं, बाटलीचं बूच हातात घेऊन हुंगलं, जाताना दोन बाटल्या विकत घेतल्या.

"बघितलंत, किती स्वच्छ वास होता?" गाडीत बसताना थोरलीनं खडा टाकून पाहिला.

"होता ना! पोरगेली आहे अजून," दादा म्हणाला. "आपल्या वाइनला जी पोक्त चव आहे, ती पिंपातूनच यायची. उद्या बघशील तू."

धाकट्यानं गाडीचा गिअर इतक्या जोरात टाकला की आत्याच्या मांडीवरची पिशवी खाली पडली.

तिसरी वाइनरी एका दंतवैद्य बाईंची होती. तीस वर्षं लोकांचे दात उपटून त्या कंटाळल्या आणि दोन वर्षांपूर्वी द्राक्षांकडे वळल्या. सवयी मात्र तशाच होत्या. पाण्याचा पेला हातात देऊन "चूळ भरा" असं त्या अशा अधिकारानं सांगायच्या की धडधाकट माणूसही घाबरून भरायचा. रविवारी त्यांच्याकडे एक खेळ असे. या भागातल्या पाच लाल वाइन तपकिरी कागदात गुंडाळून, वर आकडे लिहून मांडायच्या. कुणाची कुठली ते न सांगता चाखायला द्यायच्या.

या चौघांना दारात बघून बाईंचा चेहरा पडला. त्यांनी थोरलीला बाजूला घेतलं.

"वहिनी, मला कल्पना असती तर... त्यात चार नंबरची तुमची आहे. उचलून आत ठेवू का?"

थोरलीनं हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तिला टाकीतली ती वाइन आठवली.

"राहू द्या," ती म्हणाली.

"आपली पण असेल का गं यात?" दादानं खुर्ची ओढत विचारलं. आणि स्वतःच उत्तर दिलं, "असली तर मी झोपेतही ओळखीन."

एक नंबर त्याला आवडली. दोन नंबर किंचित पातळ वाटली. तीन नंबर तर इतकी आवडली की त्यानं धाकट्याला पेल्यात नाक खुपसायला लावलं. "मिरी! मिरी आली का? नंतर जांभूळ!" कपाळावरची आठी न आठी उलगडली होती. थोरलीनंही घोट घेतला. मिरी होती, जांभूळ होतं, पण तिला काही गिळवेना.

"चूळ भरा," बाई म्हणाल्या, आणि चार नंबरची ओतली.

आत्यानं पेला वर नेला आणि अर्ध्यातच हात थांबला. जिनं नऊ वर्षं त्या बाटल्यांना लेबलं लावली, तिला कागदाचं वेष्टन काय फसवणार? तिनं थोरलीकडे पाहिलं. धाकट्यानं वास घेतला, आणि तो उसासा टाकायचंच विसरला.

दादानं पेला फिरवला, हुंगला. पुन्हा हुंगला. मग एक घोट घेतला आणि शेजारच्या भांड्यात थुंकला.

"अरेरे," तो म्हणाला.

"मला तर बाई आवडली," आत्या घाईघाईनं म्हणाली. दिवसभरात तिला आवडलेली ही पहिली गोष्ट. "भारदस्त आहे."

"जुन्या वळणाची आहे," धाकटा म्हणाला. "अशी हल्ली मिळत नाही."

"तुम्हा दोघांना सर्दी झालीय का?" दादानं पेला त्यांच्या नाकासमोर धरला. "नीट बघा! ओल्या पोत्याचा वास मारतोय, आणि म्हणे भारदस्त!"

"थोडा लाकडाचा असेल रे..." आत्या म्हणाली.

"लाकडाचा? सडक्या लाकडाचा, आत्या! आत बुरशी असणार, मी लिहून देतो. तू काय सांगतेस मला? पिंपांत जन्म गेला माझा."

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. पुसायला काही नव्हतं. धाकटा टेबलावरचे आकडे वाचत बसला, एक ते पाच आणि परत पाच ते एक. दंतवैद्य बाईंना आत काहीतरी काम आठवलं आणि त्या लगबगीनं गेल्या.

दादानं मात्र पेला खाली ठेवला नाही. परत एक घोट घेतला, या वेळी सावकाश. तोंडात घोळवला. त्याच्या आवाजातला राग गेला आणि तिथे वेगळंच काही आलं.

"द्राक्ष चांगलं होतं गं," तो थोरलीला म्हणाला. "बघ, खाली दबून बसलंय बिचारं. उतारावरचं असेल, आपल्यासारखंच. माणसानं मेहनत केलीय, वेळेवर तोडलंय, हळूहळू आंबवलंय. सगळं नीट केलं, आणि शेवटी नेऊन घातलं कशात, तर या असल्या पिंपात. आणि हे एका वर्षाचं नाही. हा वास मुरलेला आहे. वर्षानुवर्षं करत असणार तो हेच."

थोरलीनं मान हलवली. तिच्या ओठांवर ते शब्द आयते येऊन उभे राहिले, हळवी आठवण, जुनं लाकूड, सगळे. तिनं ते गिळले. वाइन नव्हती गिळवली, शब्द गिळले.

"मला त्याचा राग येत नाही," दादा म्हणाला. "त्याला कळलंच नसणार. आतल्या माणसाला नाही कळत. पण याच्या घरात कुणी नाही का? इतकी वर्षं, एकालाही सांगावंसं वाटलं नाही? भाऊ नाही, आईच्या ठिकाणी कुणी वडीलधारं नाही?" त्यानं पेला उजेडात धरला. "बायको नाही का त्या माणसाला?"

आत्यानं डोळे मिटून घेतले. धाकटा म्हणाला, "वहिनी," आणि चुळीच्या पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

थोरलीनं हात पुढे करून नवऱ्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. मग त्याचा रिकामा हात आपल्या हातात धरला.

"आहे," ती म्हणाली. "अहो, ही आपली वाइन आहे. अण्णांची पिंपं कुजलीत. बाराच्या बारा. उद्या त्यांत एक थेंबही ओतू नका."