हिरवी की निळी

माझा नवरा आणि माझा दीर सख्खे भाऊ आहेत, याची त्यांना अधूनमधून आठवण करून द्यावी लागते. भांडण जमिनीचं नाही की घराचं नाही. भांडण कॉम्प्युटरमधल्या सिस्टिमचं. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेली, कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी अशी ती सिस्टिम. तिचे म्हणे शेकडो अवतार आहेत. एक यांचा लाडका, एक भाऊजींचा. मला फरक एवढाच दिसतो की यांच्या पडद्यावर हिरवं चित्र येतं आणि भाऊजींच्या पडद्यावर निळं. मी एकदा असं तोंडावर बोलले, तर दोघांची जन्मात पहिल्यांदा एकी झाली, माझ्याविरुद्ध.

"अगं, जमीन-अस्मानाचा फरक आहे!" इति आमचे हे.

"वहिनी, तुम्हाला नाही कळायचं," इति भाऊजी.

नाही कळायचं तर नाही कळायचं. मी शिवणकाम करणारी बाई. पण एक सांगते, इतकी वर्षं भांडून या दोघांनी त्या सिस्टिमवर कुणाचं एक पत्र टाइप करून दिलं असेल तर शपथ. सिस्टिम घालायची, काढायची, दुसरी घालायची. काम कधी करायचं, ते विचारायचं नाही.

आमच्या सासऱ्यांनी, बाबांनी, चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. मीही तिथेच शिकले आणि तिथेच सासूबाईंनी मला हेरलं. शिस्त अशी की खाली बघून टाइप केलं तर बोटांवर पट्टी बसायची. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला आणि वाचा गेली. पेनही हातात ठरेना. पण डोकं शाबूत होतं आणि बोटं कीबोर्डवर चालत होती. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने खोलीत कॉम्प्युटर लावून दिला, तेव्हापासून बाबा त्यावरच बोलायचे. "चहा गार आहे." "धाकट्याला म्हणावं केस काप." वाचा गेली होती, खोड गेली नव्हती.

तो कॉम्प्युटर संथ झाला आणि रविवारी यांच्या अंगात आलं. जुनं सगळं पुसून यांनी हिरवी सिस्टिम घातली. बाबा बसले, टाइप केलं, आणि पडद्यावर उमटलं: गक.कप.

बाबांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा गक.कप. मग त्यांनी कीबोर्डवर हात आपटला आणि यांच्याकडे बघत कीबोर्डकडे बोट दाखवलं.

"बघ!" भाऊजींचा चेहरा फुलला. "बाबांना तुझी हिरवी नकोय!"

सोमवारी भाऊजींनी निळी घातली. गक.कप. बाबांनी कीबोर्ड उचलून आपटला. "निळी तर मुळीच नको म्हणतायत," असा यांचा अर्थ. मंगळवारी तहाची म्हणून तिसरीच कुठलीशी घातली, करड्या चित्राची. तेच. बाबांचे डोळे भरून आले. आणि हे दोन दिवटे माजघरात वाद घालत बसले की तिसरीतला मजकूर नेमका कुठल्या सिस्टिममुळे बिघडला.

सिस्टिमचा दोष नाही, यावर मात्र दोघांचं एकमत झालं. मग दोष कुणाचा? बाबांचा! बुधवारी डॉक्टरांना तीन दिवसांचे तीन छापील कागद दाखवले. डॉक्टर म्हणाले, शब्द हरवलेत, बुद्धीवर परिणाम दिसतो, आता घरी सांभाळणं कठीण. बाबा समोरच बसलेले, सगळं ऐकत होते. भान हरवलेल्यांना ठेवतात त्या केंद्रात जागा मिळाली. शुक्रवारी अकराला गाडी येणार होती.

खोटं कशाला बोलू, मीही मान डोलावली होती.

शुक्रवारी सकाळी मी बाबांची बॅग भरत होते. डॉक्टरांचे कागद घालताना ते तीन कागद हाताला लागले. हिरवीचा, निळीचा, करडीचा. तिन्हींवर गक.कप. मधलं टिंबसुद्धा जागच्या जागी. मी तिन्ही शेजारी शेजारी ठेवले. भान गेलेला माणूस तीन दिवस, तीन वेळा, टिंबासकट तीच चूक कशी करेल?

पलीकडे बाबा टाइप करतच होते. आता पडद्यावर दुसरंच होतं, ओळींमागून ओळी: देशक हकुप. देशक हकुप. देशक हकुप.

मी पडद्याकडे बघणं सोडलं आणि त्यांच्या बोटांकडे बघितलं. वीस वर्षं टाइप केलं नव्हतं, पण पट्टी खाऊन शिकलेलं विसरत नाही. जुन्या टाइपरायटरवर त्या बटणाला 'व' होता. मग मात्रा. मग 'ड', काना. माझी बोटं मांडीवर त्यांच्याबरोबर चालायला लागली.

वेडा नाही. वेडा नाही. वेडा नाही.

मी अशी ओरडले की दोघे भाऊ धावत आले. "अरे, मेल्यांनो! अक्षरांच्या जागा बदलल्यात! बाबा जुन्या टाइपरायटरसारखं टाइप करतात, तुमच्या सिस्टिमची मांडणी दुसरीच आहे!"

भाऊजींनी डोकं खाजवलं. "हां, नवी सिस्टिम घातली की अक्षरांची मांडणी आपोआप दुसरी येते. जुनी निवडावी लागते. दोन टिचक्यांचं काम आहे."

"कुठल्या सिस्टिममध्ये?"

"सगळ्याच..."

"माझ्या हिरवीत ते जरा सोपं—" यांनी तोंड उघडलं. मी नुसतं बघितलं. तोंड मिटलं.

भाऊजींनी दोन टिचक्या मारल्या. बाबांनी बोटं ठेवली. नजर समोर, खाली नाही. पहिला शब्द उमटला: पाणी.

रविवारपासून माणूस पाणी मागत होता. आम्ही देत होतो, पण आमच्या वेळेला, गोळ्यांबरोबर. मी तांब्या घेऊन आले. बाबा दोन भांडी घटाघट प्याले. मग तोंड पुसलं आणि पुन्हा टाइप करायला लागले. दोघे भाऊ खुर्चीमागे उभे होते, पट्टीची वाट बघणाऱ्या पोरांसारखे. मलाही वाटलं, आता उद्धार होणार दोघांचा, आणि व्हायलाच हवा होता.

पडद्यावर एवढंच आलं: गाडी गेली का?



"गेली, बाबा. केव्हाच गेली," मी म्हटलं आणि जिन्याकडे पळाले, कारण ती अजून दारातच उभी होती.