झोपेच्या डबीची खोटी शाबासकी

मी एक जुनी, पांढरी, प्लास्टिकची डबी आहे. माझ्या अंगावर चंद्रकोर छापली आहे आणि तिच्याखाली 'शांत झोप' असं लिहिलं आहे. लिहायला काय जातंय!

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला. अश्वगंधा, जायफळ आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या पोटात भरल्या, झाकण आवळलं, झालं. पुण्याच्या श्रेयसने मला मोबाइलवरून मागवलं आणि तुळजापूरला आपल्या आईकडे, चंद्रप्रभाकाकूंकडे धाडलं. उन्हाळ्यात त्याचे वडील वारले होते आणि तेव्हापासून काकूंची झोप उडाली होती. त्या रडतही नव्हत्या. चहा करायच्या आणि प्यायला विसरायच्या.

"आई, गोळ्यांनी लागते का झोप?" श्रेयस फोनवर विचारायचा.

"लागते की. छान लागते. तू जेवलास का?"

साफ खोटं! पण श्रेयस खूश झाला आणि चार मित्रांना माझं नाव सांगू लागला. एवढं फुकटचं कौतुक मिळाल्यावर आनंद व्हायला हवा ना? मला काहीच वाटलं नाही. काकूंनाही काही वाटत नव्हतं. आमचं बरं जमलं.

नवरात्राआधी आमच्या गावची देवी काही दिवस पलंगावर निजते. तेवढे दिवस काकूंच्या घरी खाट-गादी कुणी वापरत नाही, सगळे जमिनीवर आडवे होतात. देवी निजली त्या संध्याकाळी काकू म्हणाल्या, "आई निजली. आता मलाही झोप येईल." आणि एका गोळीच्या जागी तीन-चार घेतल्या. झाडपाल्याचं तर आहे, त्यानं काय होतंय! रक्तदाबाची रोजची गोळी होतीच.

सकाळी अणदूरहून माहेरी आलेल्या लेकीने, मैथिलीने, हाका मारल्या, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. काकू उठेनात.

"अगं आई, डोळे उघड की!"

दवाखान्यात नेल्यावर काकू नीट शुद्धीवर आल्या. डॉक्टर मला हातात धरून म्हणाले, "ही काय पालेभाजी नाही. रक्तदाबाच्या गोळीबरोबर असलं काही घेताना आधी विचारत जा."

घरी आल्यावर मैथिलीने आपली सतरंजी आईच्या सतरंजीला खेटून घातली. काकू छताकडे बघत म्हणाल्या, "तुझे बाबा लई घोरायचे गं. जन्मभर मी त्यांना बोल लावले. आता घर गप झालंय, तर डोळाच लागत नाही."

काकू रडल्या नाहीत. मैथिलीच रडली. तिला थोपटता थोपटता काकूंचाच डोळा लागला. माझं झाकण त्या दिवशी कुणी उघडलंसुद्धा नव्हतं.

श्रेयसचा फोन आला. "आई, दुसऱ्या चांगल्या कंपनीची डबी पाठवतो."

"डबी नको रे. मला झोप लागत नाही. लागते म्हणायचे, ते खोटं होतं. तू ये."

तो घटस्थापनेला आला. त्याने गोळ्या टाकून दिल्या आणि माझ्यात देवीच्या तुटलेल्या माळेच्या कवड्या भरल्या.

मित्रांनो, माझ्यासारखी डबी घरात आली, तर डॉक्टरांना विचारूनच उघडा. आणि आपल्या माणसाची झोप उडाली असेल, तर डबी पाठवण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा. काकूंना अजूनही कधी झोप लागते, कधी नाही. पण श्रेयसने विचारलं, की आता त्या खरं काय ते सांगतात.