टोचलेला बिंदू

माझा भाचा कॉम्प्युटरवर नकाशे काढतो. परवा त्यानं मला दाखवलं. एक वर्तुळ काढायचं, रेघेचं टोक त्याच्याजवळ न्यायचं, की रेघ आपोआप वर्तुळाला जेमतेम टेकते. लंब हवा असेल तर तोही तसाच पडतो. "आत्या, चुकतो म्हटलं तरी चुकता येत नाई," तो म्हणाला. मला त्याचा रागच आला. तसा राग यायला मला तरुणपणीही कारण लागत नसे.

१९७८ साली वर्ध्याला कालव्यांच्या एका ऑफिसात मी ट्रेसर म्हणून लागले. दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि त्याच्या रेघा शाईनं गिरवायच्या, एवढंच ट्रेसरचं काम. नकाशे काढायचे ते हेड ड्राफ्ट्समन लक्ष्मणरावांनी. सगळे त्यांना काकाजी म्हणत. धोतर नेसलेला, तंबाखू न खाणारा, आणि रेघेच्या बाबतीत सासूपेक्षा खाष्ट माणूस.

कालवा सरळ जातो आणि मग वळतो. जिथं सरळ रेघ संपते आणि वळण लागतं, ती जागा म्हणजे स्पर्शबिंदू. काकाजी ती जागा कधीच अंदाजानं धरायचे नाहीत. वळणाच्या केंद्रातून सरळ रेघेवर लंब टाकायचा, तो जिथं पडेल तिथं डिव्हायडरच्या सुईनं बारीक भोक टोचायचं, तिथून वळण काढायचं, आणि सरळ रेघ शाईनं सगळ्यात शेवटी.

"काकाजी, कागदाची चाळणी करून राह्यले तुम्ही," मी म्हणायची.

"डोयावर भरोसा नाई ठेवाचा, धुरपता. डोया आपल्याले पाह्यजे थेच दाखवते."

मला ते पटायचं नाही. आमच्या तळेगावच्या शेतात कपाशी चौफुली लावत. तण काढायचा डवरा दोन्ही अंगांनी चालावा म्हणून उभ्या-आडव्या रेघा पाडायच्या आणि जिथं त्या एकमेकींना छेदतील तिथं सरकी टोबायची. समोरच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, एखादं झाड धरून, नजर न हलवता मी रेघ पाडत जायची, आणि माझे बाबा चारचौघांत सांगायचे, "आमच्या धुरपतेची नजर गुण्यात हाये." गुण्या म्हणजे गवंड्याचा काटकोन. लहानपणी असं कौतुक झालेली बाई पुढे कोणाचं ऐकेल?

दोन वर्षांत माझ्या लक्षात आलं की काकाजींना दिसत नाही. अगदीच नाही असं नाही. पण बारीक रेघ दिसत नव्हती. तयार नकाशा तपासताना ते कागदावरून अंगठा फिरवायचे, भोकं मोजायचे, आणि मग सही करायचे. ऑफिसात कुजबुज होती, पण उघड कोणी बोलत नव्हतं. मी तर मुळीच बोलले नाही. दया वगैरे नव्हती ती. मला त्यांच्याजवळ शिकायचं होतं आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांची जागा हवी होती.

१९८१च्या एप्रिलात काकाजींची निवृत्ती सात महिन्यांवर आली होती. त्यांनी एका छोट्या कालव्याचा अख्खा नकाशा माझ्याकडे सोपवला. हा जमला तर बढतीसाठी माझं नाव वर जाणार होतं. ट्रेसरला नकाशावर सही करायचा अधिकार नव्हता, म्हणून सही त्यांचीच होणार होती.

चौदा वळणं होती. तेरा मी त्यांच्या पद्धतीनं काढली. चौदाव्या वळणाचं केंद्र कागदाच्या बाहेर जात होतं. तिथं शेजारी दुसरा कागद जोडायचा, केंद्र शोधायचं, पुन्हा लंब टाकायचा. शनिवारची दुपार होती आणि मला तळेगावची एसटी पकडायची होती. मी वळणाच्या तयार पट्टीनं वळण काढलं, टी-स्क्वेअरची पट्टी सरकवली, डोळा बारीक केला आणि रेघ मारली. झकास टेकली. मग शाई वाळल्यावर, जिथं ती टेकल्यासारखी दिसत होती तिथं मी सुई टोचली. काकाजींच्या अंगठ्याला चौदावं भोक लागावं म्हणून.

सोमवारी त्यांनी अंगठा फिरवला. चौदाव्यापाशी जरा थांबले. मग सही केली. पावसाळ्याआधी ऑफिसातून बाहेर गेलेला तो शेवटचा नकाशा.

जूनमध्ये त्या नकाशावरून शेतात खुंट्या ठोकायला गेलेली माणसं परत आली. सरळ कालवा आणि वळण यांची गाठच पडत नव्हती. दीड मीटरचा फरक होता. आमच्या इंजिनियर साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला. काकाजी आणि मी समोर उभे.

"ही सही कोणाची?"

"माही," काकाजी म्हणाले.

"आणि रेघ?"

मी चौदाव्या भोकाकडे पाहत राहिले. काकाजी म्हणाले, "थेही माहीच. मले आता दिसत नाई, साहेब."

कोणालाच त्यात खोटं काही वाटलं नाही. आठवड्याभरात डोळ्यांची तपासणी झाली आणि काकाजींना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. टपालावर शिक्के मारायचं काम. माझं नाव वर गेलं.

मी पंधरा दिवस कसेबसे काढले. मग एका रविवारी बोरगाव मेघेला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायको, देवकाबाई काकू, ओसरीवर वांग्यांचे वाटे करत होत्या. बाजारात न्यायचे होते. मी खाली बसले आणि एका दमात सगळं सांगितलं: रेघ, एसटी, शाईनंतर टोचलेलं भोक.

काकाजी शांतपणे म्हणाले, "मालूम हाये मले."

"कवापासून?"

"सही कराच्या आंधी. पह्यले टोचलं का रबर फिरून फिरून भोकाच्या कडा बसते. तुह्या भोकाच्या कडा उभ्या होत्या."

"मंग मले इचारलं काऊन नाई?"

"इचारलं असतं तं तू म्हटली असती, पाहून घ्या. अन् मी पाहू कसा?" त्यांनी अंगठा धोतराला पुसला. "म्हटलं, पोरीची नजर चांगली हाये. असन बरोबर."

काकूंनी हातातलं वांगं खाली ठेवलं. "दोघं रोज एका टेबलाशी बसत होते न तुम्ही? मंग एकमेकाले एवढंसं बोलाले तुमच्या तोंडाले काय झालतं?"

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

सोमवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली, माझं नाव वर्षभर मागे पडलं, आणि ते बरोबरच झालं. मला वाटलं होतं, आता तरी काकाजी आपल्या टेबलावर परत येतील. पण साहेब म्हणाले, रेघ कोणाचीही असो, त्यांना दिसत नाही हे तर खरं आहे ना? नोव्हेंबरपर्यंत ते शिक्केच मारत राहिले, आणि शिक्केही ते अगदी सरळ मारायचे.

मला पुढं जागा मिळाली. तीस वर्षं मी नकाशे काढले आणि केंद्र कागदाच्या बाहेर गेलं तर दर वेळी दुसरा कागद जोडला. माझं वाया गेलेलं वर्ष मी केव्हाच विसरले. पण त्या माणसानं उभा जन्म रेघा काढल्या, आणि त्याच्या सहीनं ऑफिसातून गेलेली शेवटची रेघ माझी होती, चुकलेली.