झाकून ठेवलेली गाडी

"हात लावू नकोस, यामिनी! बोटांचे ठसे उठतात," बळवंत ओरडला. गाडी त्याची नव्हती.

गाडीचा मालक, डग नावाचा सत्तरीतला गोरा माणूस, शेजारी घडीच्या खुर्चीत बसून कॉफी पीत होता. "लेट हर टच इट," तो हसून म्हणाला.

स्कारबरोतल्या त्या प्लाझाच्या पार्किंग लॉटमध्ये उन्हाळ्यातल्या रविवारी जुन्या गाड्यांचे शौकीन जमत. बापाच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी ओजसने खटपट करून शोधून काढलं होतं की आज तिथे एक पॅरिझिएन येणार आहे. शहात्तर सालची पॉन्टियाक पॅरिझिएन, चार दारांची, फिकट पिवळी. बळवंतकडे पूर्वी होती ती गडद निळी. फरक तेवढाच.

"एकोणीस फूट," बळवंत नातीला सांगत होता. "साडेसहा लिटरचं इंजिन. हायवेवर पाय नुसता टेकवला की पोटात गोळा यायचा. आणि आत बसलं की आवाज कसा? घोरणाऱ्या मांजराएवढा."

"अँड गॅस, आजोबा?"

"प्यायची की! पिऊ दे म्हटलं. राजाची गाडी, राजासारखी प्यायची. तुझ्या डॅडींची ती चार्जिंगवाली म्हणजे मिक्सर आहे मिक्सर."

त्याच्या बायकोने, वनिताने, हे इतक्यांदा ऐकलं होतं की पुढचं वाक्य तिला आधीच ऐकू आलं. मग ते खरोखरच आलं.

"आणि तुझी आजी! हिला स्टीअरिंग बघूनच घाम फुटायचा. एवढी एम.एस्सी. झालेली बाई, पण गाडीला घाबरली ती घाबरलीच."

यामिनी हसली, ओजसही हसला. घरातला हा जुना विनोद होता. इथल्या मराठी मंडळींच्या असोसिएशनच्या जयंतीच्या कार्यक्रमात, जेवणाच्या टेबलावर तो हमखास निघायचा. त्याच कार्यक्रमात, जेवणाआधी, बळवंत स्त्रीशिक्षणावर बोलायचा. चांगलं बोलायचा.

पूर्वी वनिताही सगळ्यांबरोबर हसायची. ती हसायची कधी थांबली, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरच्या नोव्हेंबरात ग्वेल्फच्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेतून तिला पत्र आलं होतं: जानेवारीपासून रुजू व्हा. नागपूरला कृषी महाविद्यालयात दोन वर्षं मातीतला फॉस्फरस मोजलेल्या बाईला याहून नेमकी नोकरी मिळाली नसती. अंतर शंभरेक किलोमीटर. वेळेवर पोचवेल अशी बस नव्हती. गाडी मात्र होती आणि ती मोकळी होती, कारण हिवाळाभर बळवंत कारखान्यात बसने जायचा. नोव्हेंबर ते एप्रिल पॅरिझिएन गॅरेजात असायची. चाकं जमिनीपासून उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली, टपावर नागपूरची सतरंजी आणि दोन ब्लँकेटं. ती दोघं राहत त्या खोलीत तेव्हा पांघरायला तिसरं ब्लँकेट नव्हतं.

"बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात," तो म्हणाला होता. "मीठ पत्रा खातं. तू केमिस्ट, तुला मी काय सांगायचं?"

रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्याचं चुकत नव्हतं. मिठामुळे लोखंड लवकर गंजतं, हे तिने स्वतः कॉलेजात शिकवलं होतं.

"एप्रिलनंतर बघू," तो म्हणाला.

प्रयोगशाळा एप्रिलपर्यंत थांबली नाही. पुढे ओजस झाला. मग वनिताने चालत जाण्याच्या अंतरावरच्या ग्रोसरीच्या दुकानात कॅश काउंटर सांभाळला, सव्वीस वर्षं.

डग खुर्चीतून उठला. बळवंतच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "यू नो धिस कार बेटर दॅन आय डू, सर. टेक हर अराउंड द लॉट."

बळवंतचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरने लायसन्सवाल्यांना कळवलं होतं आणि त्याचं लायसन्स गेलं होतं.

"मी चालवतो, बाबा. तुम्ही शेजारी बसा," ओजस म्हणाला.

"तू नको. तुला त्या मिक्सरची सवय. ही गाडी अंगावर येते."

"मी चालवते," वनिता म्हणाली. "माझ्याकडे लायसन्स आहे."

तिने पर्समधून कार्ड काढून डगच्या हातात दिलं. त्याने ते नीट वाचलं, दोन्ही बाजूंनी.

"वेट. आजी, यू हॅव अ लायसन्स?"

"आई, हे कधी काढलंस?"

"अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरात. इन्स्ट्रक्टरच्या छोट्या गाडीवर. पहिल्याच फटक्यात पास. दर पाच वर्षांनी रिन्यू करते."

"मला कुठे सांगितलंस?" बळवंत म्हणाला.

"सांगितलं होतं. तुम्ही गाडीला पॉलिश करत होतात."

डगने चावी तिच्या हातावर ठेवली आणि तो शेजारी बसला. मागे बळवंत आणि यामिनी. ओजस फोन धरून बाहेर उभा राहिला. वनिताने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला, चावी फिरवली. इंजिनाची थरथर सीटमधून तिच्या पाठीत आली.

स्टीअरिंग एका बोटाने वळत होतं. एवढ्या लोखंडाचा भार हाताला इतका हलका लागतो, हे तिला माहीत नव्हतं.

"हळू! अगं हळू! ब्रेक आधीपासून दाब," मागून बळवंत.

"शी इज गोइंग लाइक टेन, आजोबा," यामिनी म्हणाली.

लॉटच्या टोकाला रस्ता लागत होता. वनिता तिथे थांबली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. रस्ता रिकामा होता.

"जस्ट द लॉट, मॅम," डग हळूच म्हणाला.

"येस," ती म्हणाली, आणि तिने गाडी परत लॉटमध्ये वळवली. दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मध्ये ती उभी केली आणि इंजिन बंद केलं.

यामिनी आधी उतरली. "यू वेअर नॉट स्केअर्ड ॲट ऑल! देन व्हाय डिड यू नेव्हर ड्राइव्ह?"

"ग्वेल्फला लॅबमध्ये नोकरी लागली होती मला," वनिता खाली उतरून म्हणाली. आवाज चढला नाही. "रोज गाडीने जावं लागलं असतं. आजोबांनी गाडी दिली नाही. मीठ लागलं असतं म्हणून."

ओजसने फोन खाली केला. "कुठली नोकरी, आई?"

ती मागच्या सीटकडे बघत होती. ओजस आणि यामिनीही तिकडेच बघायला लागले. बळवंत कपाळाला आठ्या घालून आठवत होता. खरोखर आठवत होता, तिला ते दिसत होतं. सत्तेचाळीस वर्षांत तो या विषयावर पहिल्यांदाच काही बोलणार होता.

मग त्याच्या आठ्या गेल्या. तो पुढे वाकून डगला म्हणाला, "आय सोल्ड माइन इन एटी-एट. इलेव्हन विंटर्स. नॉट वन स्पॉट ऑफ रस्ट, माय फ्रेंड. नॉट वन."

डगने एकदा वनिताकडे बघितलं आणि नुसती मान हलवली.

मागची सीट खोल होती. बळवंतला उठता येईना. त्याने सवयीने हात दाराबाहेर काढला, तळवा वर करून, न बघता.

वनिता दोन पावलांवर उभी होती. पर्स तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"अगं," तो म्हणाला.

हात हवेत तसाच राहिला. ओजस पलीकडच्या बाजूने वळसा घालून यायला निघाला.