मैना जिम बघायला आली

सातपूरच्या एमआयडीसीत एक बंद पडलेली शेड मोहिनीने भाड्याने घेतली आणि तिथे चढाईच्या भिंती उभ्या केल्या, तेव्हा तिच्या जुन्या कंपनीतल्या लोकांना वाटलं, हिला चाळिशीला येऊन धंद्याची हौस आली. अंबडच्या एका कारखान्यात सोळा वर्षं ड्रॉइंग विभागात काढलेली बाई. गेली दोन वर्षं मात्र ती रोज घरी जाऊन या जिमचेच नकाशे काढत बसायची. भिंत कुठे सरळ ठेवायची, कुठे पुढे झुकवायची, दोन गाद्यांच्या मधे फट पडून कुणाचा पाय अडकू नये म्हणून वरून अखंड कापड कसं ताणायचं, मे महिन्यात पत्रा तापला की हवा कशी खेळती ठेवायची, सगळं तिने स्वतः ठरवलं.

ती हे कुणासाठी करत होती, ते फक्त तिला ठाऊक होतं. मैनासाठी.

मैना वणीची. कॉलेजला नाशिकमध्ये आली, मोहिनीच्या वर्गात बसली आणि पहिल्याच वर्षी दोघी गिर्यारोहणाच्या क्लबात दाखल झाल्या. पुढची बारा वर्षं, मैना वणीच्या शाळेत शिकवायला लागल्यावरही, त्र्यंबकच्या बाजूचा एकही कडा दोघींनी सोडला नाही. एक चढणार, दुसरी खाली उभी राहून तिचा दोर धरणार. क्लबातले लोक त्यांना जोडीनेच हाक मारायचे, मोहिनीमैना. मोहिनीचं लग्न मोडलं तेव्हा मैना तिच्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर महिनाभर येऊन राहिली होती, आणि त्या महिन्यात तिने एकदाही 'काय झालं' म्हणून विचारलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी मैना कडा चढून वर पोचली. तिने वरून आवाज दिला, "घे!" म्हणजे दोर ताण, मी अंग सोडतेय. मग ती मागे रेलली आणि दोर सरसर सुटला. ती पंचवीस फूट खाली खडकावर आली. डाव्या घोट्याचा चुरा झाला. दोन ऑपरेशनं झाली, आत सळई बसली.

क्लबाच्या लोकांनी विचारलं तेव्हा मोहिनी म्हणाली, "तिने आवाज न देताच अंग सोडलं." एवढंच वाक्य. मोहिनी क्लबात जुनी, तिच्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही. मैनाला त्यानंतर क्लबाने शिबिरात शिकवायला बोलावणं बंद केलं. मोहिनी दवाखान्यात दोनदा गेली, दोन्ही वेळा मैनाची आई खोलीत होती म्हणून बोलणं झालं नाही. निदान मोहिनीने स्वतःला तसं सांगितलं. मग दिवाळीचे मेसेज उरले, आणि पुढे तेही थांबले.

जिम तयार झालं तेव्हा भिंतींवर होल्ड, म्हणजे हातापायांनी धरायच्या खुंट्या, बसवायला मोहिनीने लखनला ठेवलं. पेठकडचा पंचविशीतला तरुण, कुठल्याही दगडावर पाल चढावी तसा चढायचा. पंधरा दिवसांनी बोलता बोलता कळलं की तो वणीच्या शाळेत मैनाच्याच हाताखाली शिकला होता. उद्घाटनाच्या आठवडाभर आधी मोहिनीने त्याला म्हटलं, "तुझ्या बाईंना एकदा बघायला बोलाव ना. मी बोलावलं म्हणून सांग."

दोन दिवसांनी लखन म्हणाला, "ताई, बाई येणार हायेत. बुधवारी शाळा सुटल्यावर."

बुधवारी मोहिनीने सकाळपासून तीनदा लादी पुसली.

मैना आली ती थोडी लंगडत. केस बरेच पिकले होते, खांद्याला शाळेचीच पिशवी होती. दारातच उभी राहून तिने वर बघितलं, आणि "अगं केवढं केलंस हे," म्हणाली. मोहिनीला रडू येईल असं वाटलं. तिने पटकन वळून दिवे लावले.

मैनाने सगळं नीट पाहिलं. गादीवर गुडघे टेकून हाताने दाबून बघितलं. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीची कडी लावून पाहिली, आतून हलवून पाहिली. सोप्या भिंतीपाशी थांबली आणि लखनला म्हणाली, "हा पिवळा होल्ड किती वर लावलायस रे? पाच फुटांची बाई कशी पोचेल? तुझ्या हातांच्या मापाने लावू नकोस."

"खाली घेतो बाई," लखन म्हणाला आणि लगेच शिडी आणायला गेला.

"आणि मोहिनी, पहिल्या दिवशी येणाऱ्याला एकदा तरी वरपर्यंत जाता आलं पाहिजे. नाहीतर तो परत येत नाही."

"म्हणून तर तुला बोलावलं," मोहिनी म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता. नऊ वर्षं मधे गेलीच नाहीत असं तिला वाटायला लागलं.

मग दोघी मोठ्या भिंतीपाशी आल्या. चाळीस फूट उंच, मोहिनीची सगळ्यात लाडकी भिंत. मैना खाली उभी राहिली, दोर धरणारा उभा राहतो त्या जागी, आणि तिने समोर पाहिलं. भिंतीला लागूनच कॉफीच्या काउंटरवर मोठा टीव्ही लावला होता.

"हा इथे कशाला?"

"लोक बसतील तिथे. मॅच वगैरे."

"दोर धरणाऱ्याच्या अगदी डोळ्यांसमोर आहे तो." मैना टीव्हीकडेच बघत बोलत होती. "वरच्या माणसाचं लक्ष भिंतीकडे असतं. खालच्याचं लक्ष हलायला अर्धा सेकंद पुरतो."

लखन दूर, शिडीवर होता. स्पॅनरचा आवाज येत होता. मोहिनीने काउंटरची कड घट्ट धरली.

"मैना, त्या दिवशी माझा फोन वाजला होता. मी दोरावरचा हात काढला. तू आवाज दिला होतास, मी ऐकला होता."

मैनाने मान डोलावली. "माहीत आहे मला. रेलले तेव्हा खाली बघितलं गं मी. फोन तुझ्या कानाला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले." मैना शांतपणे म्हणाली. "दवाखान्यात रोज वाटायचं, आज येईल आणि सांगेल. पाय काय, पडणं होतंच आपल्या खेळात. पण क्लबातली माणसं येऊन मला समजवायची, मैना, आवाज द्यायला विसरू नये. मी त्यांना हो म्हणायचे. मी तुला खोटं पाडलं नाही."

"मी उद्घाटनाला सगळ्यांसमोर सांगते. क्लबातले सगळे येणार आहेत."

"सांग. तुला बरं वाटेल."

"तुला?"

मैनाने पिशवी खांद्यावरून उतरवली. पिशवीतून तिने चढायचे बूट काढले. जुने, टाचेला झिजलेले. ते तिने घरून सोबत आणले होते.

"एकदा चढून बघते," मैना म्हणाली. कमरेला हार्नेसचा पट्टा चढवून तिने दोराची गाठ मारली, दोनदा तपासली. मोहिनी धावतच पुढे झाली आणि दोराचं दुसरं टोक तिने हातात घेतलं.

"तू नको," मैना म्हणाली. आवाजात राग नव्हता. "लखन, ये रे जरा."

लखन शिडीवरून उतरला. एकदा बाईंकडे, एकदा ताईंकडे बघत राहिला. मोहिनीने दोर त्याच्या हातात दिला आणि बाजूला झाली.

मैना चढली. डावा पाय बाहेरच्या बाजूला वळवून, त्यावर भार कमी देत, हातांवर जास्त जोर घेत. मधे दोनदा थांबली. चाळीस फुटांवर पोचून तिने वरचा होल्ड दोन्ही हातांनी धरला आणि खाली बघितलं ते लखनकडे. लखनने दोर ताणला, तशी ती मागे रेलून हळूहळू खाली आली. कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर तोच जुना आनंद होता, जो पाहायला मोहिनीने दोन वर्षं नकाशे काढले होते. खाली उतरताच तो मावळला.

"चांगलं झालंय तुझं जिम," बूट काढत मैना म्हणाली. "तेवढा टीव्ही हलव."

रविवारी उद्घाटनाला क्लबातले तीसेक लोक आले. नारळ फोडून झाल्यावर मोहिनीने सगळ्यांसमोर सांगितलं, फोनसकट. मग क्लबातला शेखर म्हणाला, "जाऊ दे ना, किती जुनी गोष्ट. आज कशाला?" आणि दोघातिघांनी माना डोलावल्या. लोक भिंतींकडे वळले, मुलं गाद्यांवर उड्या मारू लागली. मैना आली नव्हती.

ती आली पुढच्या महिन्यात, शाळेच्या बारा मुलींना घेऊन, लाल बसने. आता दर दुसऱ्या शनिवारी येते. मुलींना गाठी शिकवते, दोर धरायला शिकवते, त्यांची नजर जरा हलली की ओरडते. तेवढे दोन तास ती भिंतीपाशी असते आणि मोहिनी काउंटरवर.

मागच्या शनिवारी मुली बूट घालत होत्या तेव्हा मोहिनीने दोन कप चहा केला आणि घेऊन गेली.

"मैना, चहा घेतेस?"

"नको, तुम्ही घ्या," मैना म्हणाली. मोहिनीला तिने आजवर कधीच 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मग वळून एका मुलीच्या कमरेचा पट्टा तिने ओढून पाहिला, आणि अजून घट्ट केला.