मिठागराचा चौकोन

जानेवारीतल्या मंगळवारी सकाळी सव्वासातला, सीबीडी बेलापूरच्या कार्यालयात, क्षिप्राच्या पडद्यावरच्या नकाशात सारसोळेचा चौकोन लाल झाला.

तासाभरापूर्वी तो हिरवा होता. वारा, धूर आणि तापमान यांचं गणित संगणकावर मांडून परिसरातल्या हवेचा अंदाज काढणं हे तिचं काम. हिरवा पाहून तिने वडिलांना, दिलीपना, रोजच्यासारखा एक शब्द पाठवला होता: ‘जा’. दिलीपची फुप्फुसं अधू आहेत. ‘नको’ आला की ते जुईनगरच्या घरातून बाहेर पडत नाहीत. ‘जा’ आला की सारसोळेच्या जेट्टीवर फिरायला जातात.

“हे काय केलंस?” तिने शेजारच्या हितेशला विचारलं.

“काल नकाशा बदलला ना. रात्रभर गणित चाललं, ते आत्ता संपलं.” हितेश सारसोळेचाच, दिलीपना रोज जेट्टीवर बघणारा. “जुन्या नकाशात तिथे मिठागरं होती, पाणी. टॉवर उभे राहिले, फ्लॅट विकून झाले, आणि मॅडम, तुमचा संगणक अजून मीठ पिकवतोय.”

ती हसली नाही. पाण्यावरून वारा सुटा वाहतो, धूर खाडीपलीकडे नेतो. टॉवरांना तो अडतो. नव्या गणितात कारखान्यांचा धूर थंड हवेत कोंडून सकाळी दहा वाजेपर्यंत जेट्टीवरच बसलेला दिसत होता. तिथे हवा मोजणारं यंत्र नाही. होता तो फक्त तिचा अंदाज.

दिलीप फोन उचलेनात. तिने आईला, मीनाला, लावला.

“ते केव्हाच गेले. तूच ‘जा’ म्हणालीस ना? अगं, श्वासाचा पंपसुद्धा टेबलावरच आहे. घेऊन जा म्हटलं, तर म्हणतात, क्षिप्राने सोडलंय, आज कशाला?”

“पंप घे आणि रिक्षाने निघ, आई. आत्ता.”

हितेशने जेट्टीजवळ राहणाऱ्या गोजराकाकीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“काकी, जेट्टीच्या बाकड्यावर पांढऱ्या टोपीवाले काका दिसतात काय?”

“बाकडा कुठं दिसतंय रं? सगला धूर हाय. तुमचे हापिसवाले झोपलेत काय?”

“जरा जाऊन बघ ना, लवकर.”

“जातंय, जातंय.”

फोन चालू आहे. गोजराच्या चपलांचा आवाज येत होता, तो थांबला. कुणीतरी खोकतंय. गोजरा की दिलीप, ते स्पीकरवरून कळत नाही. क्षिप्राने दोनदा “बाबा” अशी हाक मारली.

मीनाची रिक्षा अजून जुईनगर स्टेशनपाशीच आहे.