आधी पितळेवर

कुलपांच्या त्या दुकानात बापाच्या वेळेपासून एक नियम होता. पत्रा कापायच्या हातप्रेसचा दांडा ओढण्याआधी ओढणाऱ्याने विचारायचं, "हात?" पत्रा सरकवणाऱ्याने बोटं मागे घेऊन म्हणायचं, "काढला." मगच दांडा खाली. दोघे भाऊ मिसरूड फुटायच्या आधीपासून हे बोलत आले होते. घरी जेवताना एकाने वाढायला डाव उचलला तरी दुसरा "हात?" म्हणायचा आणि दोघे हसत सुटायचे.

एका दुपारी थोरला गिऱ्हाइकाशी तावातावाने भांडत होता. भांडता भांडता त्याने दांडा ओढला. विचारलं नाही. धाकट्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्यालाही आता वर्षं झाली. धाकटा दवाखान्यातून आला तो गल्ल्यावर बसू लागला. तोवर चाव्या घासण्याचं बारीक काम त्याचं होतं. त्याच्या हातची चावी लोण्यात सुरी जावी तशी कुलपात जायची. ते काम थोरल्याकडे आलं आणि चाव्या अडायला लागल्या. धाकटा त्यावर चकार शब्द बोलला नाही. थोरलाही नाही. माणसाने चिडावं, आदळआपट करावी, निदान चहाचा कप तरी जोरात ठेवावा! पण दोघे दुकानाच्या एकाच छपराखाली मुकाट बसत राहिले, आणि ती दुपार त्यांच्या मधे मांडी ठोकून बसली.

मग धाकट्याने सांगितलं, "रविवारी निघतोय. मुलाकडेच राहीन आता." मुलगा लांबच्या शहरात होता. परत येण्याची गोष्ट धाकट्याने काढली नाही.

थोरल्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. हा गेला की गेला, बोलायचं ते राहूनच जाईल, एवढं त्याला कळत होतं. पण "चुकलं माझं" म्हणायला जीभ रेटेना. धाकट्यापुढे वाकायचं कसं, हे त्या घराण्यात कुणी शिकवलंच नव्हतं. मोडेन पण वाकणार नाही असला बाणा, आणि मोडलं होतं दुसऱ्याचं!

त्याची मुलगी लहान पोरांना इंग्रजी शिकवायची. संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती, तेव्हा तो समोर येऊन बसला.

"सॉरी म्हणजे नेमकं काय गं?"

"बाबा, ते तर शेंबड्या पोरालाही येतं."

"मग शेंबड्या पोराला सांगतेस तसं सांग. कुठे कुठे वापरतात?"

ती हसली आणि सांगत गेली. कुणाला धक्का लागला तर सॉरी. समोरच्याचं नीट ऐकू आलं नाही तरी सॉरी, फक्त सूर वर न्यायचा. दुकानातला माल संपला तर गिऱ्हाइकाला सॉरी. कुणाच्या घरचं माणूस गेलं तरी सॉरी.

"आपण मारलं नसलं तरी?"

"तरी. वाईट वाटलं, एवढाच अर्थ."

"आणि आपणच मारलं असलं तर?"

मुलीच्या हातातली भाजी तशीच राहिली. "तेव्हाही तोच शब्द, बाबा," ती हळूच म्हणाली. "पण तेव्हा त्याच्यामागून 'पण' म्हणून काही जोडायचं नाही."

"एकच चावी सगळ्या कुलपांना लागते? म्हणजे कुलपंच तकलादू," थोरला पुटपुटला. तरी शब्द त्याला पसंत पडला. लहान होता, हलका होता, परका होता. तो म्हणताना मान खाली घालावी लागणार नव्हती.

आता कारागिराची एक सवय असते. नवी कानस कुणी एकदम पोलादावर लावत नाही, तिचे दात तुटतात. आधी ती पितळेवर चालवायची, रुळवायची, मग पोलादाला भिडवायची. थोरल्याने शब्दाचंही तसंच करायचं ठरवलं. अरे, पण शब्द म्हणजे कानस का? हे त्याला कोण सांगणार!

पहिल्या दिवशी बसमध्ये एकाच्या पायावर पाय पडला, तेव्हा "सॉ" म्हणेपर्यंत तो माणूस उतरून गेला. दुसऱ्या दिवशी अडलेली चावी परत घेऊन आलेल्या बाईला त्याने सॉरी म्हटलं आणि कानापर्यंत लाल झाला. मग जमत गेलं. चहावाल्याला सॉरी, पत्र्याच्या व्यापाऱ्याला सॉरी, पायरीवर झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला तर त्यालाही सॉरी. शेजारचा घड्याळजी दारातून ओरडला, "काय मालक, म्हातारपणी इंग्रजी शाळेत नाव घातलंत का?" थोरला हसला. गल्ल्यावर धाकटा पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं.

शुक्रवारपर्यंत शब्द असा सुटा झाला की विचार करायच्या आत तोंडातून बाहेर पडू लागला. खुळ्याला वाटलं, हत्यार तयार झालं.

शनिवारी दिवे लागायच्या वेळी तो धाकट्याच्या घरी गेला. खोली रिकामी होत आली होती. भिंतीवर कॅलेंडरच्या जागी पांढरा चौकोन उरला होता. धाकटा जमिनीवर बसून बॅग भरत होता. थोरला त्याच्यासमोर बसला, त्याच्या उजव्या हाताकडे बघत म्हणाला, "सॉरी."

कुठेही अडला नाही शब्द. धाकट्याने घडी केलेला सदरा बॅगेत ठेवला.

"आठवडाभर ऐकतोय मी, दादा. त्या चावीवाल्या बाईला म्हणालास तेव्हाच कळलं, माझ्यासाठी चाललंय हे. रोज वाटायचं, आज माझ्याकडे वळेल. पण तू घासत बसलास. कुत्र्यालासुद्धा तोच शब्द दिलास."

थोरला भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे बघू लागला.

"दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा तू खाटेशी उभा होतास. तोंड उघडलंस आणि काही बोलता येईना तुला. नुसते ओठ हलत होते. मी इतकी वर्षं त्यावर काढली रे. म्हटलं, याच्या आत एवढं आहे की बाहेर येत नाही."

थोरल्याला सांगायचं होतं की मी विचारलं नाही, की दांडा ओढताना मी तुझ्याकडे बघतसुद्धा नव्हतो, की अजून प्रेससमोर उभा राहिलो की ते न विचारलेलं "हात?" घशात येतं. त्याने तोंड उघडलं. आठवडाभर रुळलेला शब्द सगळ्यांच्या आधी बाहेर पडला.

"सॉरी."

धाकट्याने मान हलवली, दुरुस्त न होणारं घड्याळ परत देताना घड्याळजी हलवतो तशीच. मग तो बॅगेची चेन लावू लागला. उरलेल्या बोटांत ती नीट धरता येत नव्हती, कापड मधे अडकत होतं. थोरला पुढे सरकला आणि त्याने बॅगेच्या दोन्ही कडा जुळवून धरल्या. धाकट्याची बोटं तिथेच होती. थोरला नकळत म्हणाला, "हात?"

धाकट्याने बोटं मागे घेतली, पण "काढला" म्हणाला नाही. थोरल्याने चेन ओढून टोकापर्यंत नेली.

"थँक्यू," धाकटा म्हणाला.

दादाला जन्मात पहिल्यांदा म्हणाला, परक्याला म्हणावं तसं. त्याचा अर्थ थोरल्याला कुणाला विचारावा लागला नाही.